पद्मिनीचं पुढचं अंग: किंगपिन, बुश आणि स्टिअरिंग नव्याने बसवताना

सरळ रस्त्यावर गाडी धरून ठेवायला दोन्ही हात लागतात, खड्ड्यातून चाक गेलं की स्टिअरिंग मनगटापर्यंत थरथरतं, पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. जुन्या फियाटच्या मालकाला हे दिसलं की तो पहिलं बोट दाखवतो स्टिअरिंग बॉक्सकडे (स्टिअरिंगचं फिरणं चाकांच्या रॉडकडे पोचवणारी गिअरची पेटी). मीही तेच केलं होतं.

आमची प्रीमियर पद्मिनी (जुन्या फियाट ११०० चीच पुढची आवृत्ती) १९८६ ची, वडिलांनी घेतलेली. नागपूरजवळ अमरावती रोडवर वाडीच्या पुढे एका खड्ड्यानंतर तिचं पुढचं अंग असं हललं की वेग पार उतरवेपर्यंत थांबलंच नाही. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून मिळाला. सरळ चालताना प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, कमी झाल्यासारखा वाटला. पण शंकरनगर चौकात वळलो तर स्टिअरिंग परत येईना, ओढून आणावं लागलं. याचं कारण साधं आहे. बॉक्समधला वर्म (स्टिअरिंगच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) मधल्या भागात जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला की कडेचे न झिजलेले दात जाम होतात. प्ले तिथेच असतो, वर एक नवा धोका येऊन बसतो.

मग आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं आणि म्हणाले, "भाऊ, बॉक्सले काऊन हात लावला? आधी तिचे पाय तर पाहा." पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका वाक्यावर उभं आहे. चाकापासून सुरुवात करा, एकेक सांधा तपासत आत या, आणि बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावा.

या गाडीची पुढची रचना थोडक्यात सांगतो. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डी बांधायला घेतली, ती पुढे प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. नावं बदलली तरी पुढचं अंग मुळात तेच राहिलं. प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, आणि चाक वळवणारा स्टब ॲक्सल किंगपिन नावाच्या उभ्या पिनवर फिरणारा. उजवीकडे स्टिअरिंग बॉक्स, डावीकडे त्याचा जोडीदार आयडलर आर्म, मधे रॉड, आणि दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड. म्हणजे हातातलं स्टिअरिंग आणि रस्ता यांच्यामध्ये डझनभर सांधे आहेत. प्रत्येकात अर्धा मिलिमीटर झीज धरली तरी हातात किती येईल याचा हिशेब करा.

आधी प्ले शोधा, मग पाना उचला

यासाठी दोन माणसं लागतात. गाडी सपाट जमिनीवर, चाकं टेकलेली. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, चाक वळेल इतकं नाही. दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक टाय रॉड एंडला (रॉडच्या टोकाच्या फिरत्या सांध्याला) मूठ आवळून धरायची. झिजलेला एंड हाताला टकटक कळतो, डोळ्यांना दिसण्याच्या आधी. आयडलर आर्मलाही तसंच धरा. तो वर-खाली उचलला जात असेल तर त्याचा बुश (पिनभोवती बसणारी नळी) गेला. हा भाग सगळे विसरतात, आणि माझ्या गाडीत टाय रॉडपेक्षा जास्त प्ले त्यातच निघाला.

आता चाक उचला. जॅक खालच्या आर्मखाली लावा, म्हणजे स्प्रिंगचा दाब आर्मवर राहतो आणि वरचे सांधे मोकळे होतात. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर किंगपिनचा किंवा आर्मच्या बुशांचा. ही एक चाचणी तुमचे कितीतरी पैसे वाचवते, कारण नुसतं बेअरिंग सैल असताना किंगपिन बदलून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

नंतर टायरखाली पहार घालून चाक वर उचलून बघा. स्टब ॲक्सल वर-खाली होत असेल तर थ्रस्ट वॉशर (उभा भार झेलणारी चकती) झिजला आहे. सापडलेलं सगळं एका वहीत लिहा, डावं आणि उजवं वेगळं. काम सुरू झाल्यावर हात ग्रीसने भरलेले असतात आणि कुठल्या बाजूला काय होतं ते आठवत नाही.

माल घेताना

किंगपिन किट दोन्ही बाजूंचं एकदम घ्या. एका बाजूचा प्ले जास्त असला म्हणून फक्त तीच बाजू बदलली तर गाडी एका बाजूला ओढायला लागते. त्यासोबत चारही टाय रॉड एंड, आयडलर आर्मचे बुश, वरच्या-खालच्या आर्मचे बुश, बंप रबर, चाकाचे ऑइल सील आणि मूठभर नव्या स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून घालून दुमडायच्या पिना). स्प्लिट पिन कधीही परत वापरू नका. जुनी पिन सरळ करून घातली की ती दुमडीवर तुटते, आणि ती तुटल्याचं कळतं तेव्हा नट गळून पडलेला असतो.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कायमच्या गेल्या. नव्या सुट्या भागांचं ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. आता दुकानात मिळतं त्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना माल असतो आणि घाईने बनवलेला नकली मालही असतो. म्हणून व्हर्निअर खिशात घेऊनच जा. नवी किंगपिन वर, मधे आणि खाली मोजा. तिन्ही मापं सारखी यायला हवीत, दोन्ही पिनांची आपसात जुळायला हवीत. पिनवरून नखाने रेघ ओढा. लेथच्या खुणा नखाला लागत असतील तर ती पिन ग्राइंड झालेली नाही, नव्या बुशला ती कानशीसारखी खाईल. रबरी वस्तू बोटांत वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर ठेवून द्या, पाकीट कितीही नवं असो.

पॉलियुरेथेनच्या बुशांबद्दल हल्ली सगळे विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या वापराच्या पद्मिनीला चांगलं रबरच बरं. आर्मच्या रबरी बुशमध्ये, म्हणजे सायलेंट ब्लॉकमध्ये, रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेलं असतं, आर्म हलला की रबर पिळलं जातं, घसरत काहीच नाही. पॉलियुरेथेन तसं पिळलं जात नाही, ते पिनभोवती फिरतं, त्याला वेगळं सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते कोरडं पडलं की चरचरतं. टिकतं जास्त, हे खरं. पण आपल्या सिमेंट रस्त्यांच्या जोडांवरचा प्रत्येक धक्का ते सरळ बॉडीत पाठवतं, आणि ही बॉडी आता चाळीशीला आली आहे.

शॉक ॲब्सॉर्बर मात्र नक्की बदला, पुढचे दोन्ही. बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण लांब करा आणि दाबा. आडवे ठेवलेले असताना आत गेलेली हवा त्याशिवाय निघत नाही. नवा शॉक पहिल्याच दिवशी ढिला वाटतो म्हणून दुकानदाराशी भांडणारे बरेच जण एवढंच करायचं विसरलेले असतात.

उघडायचं काम

नागपुरात हे काम हिवाळ्यात काढा. नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत) अंगणात ठेवलेला पाना हातात धरवत नाही, आणि घामाने ओला हात जड स्प्रिंगपाशी नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळची वेळ, सिमेंटची सपाट जागा. मागच्या चाकांना दगड लावा. गाडी जॅकवर ठेवून कधीच खाली जाऊ नका. चेसिसखाली मजबूत घोड्या लावा, गाडी त्यांच्यावर टेकवा आणि बॉनेट धरून जोरात हलवून बघा. ती हलली नाही तरच चाकं काढा.

आदल्या रात्री किंगपिनच्या टोकांना, तिला जागेवर धरणारी आडवी खुंटी (कॉटर) जिथे आहे तिथे आणि सगळ्या नटांना डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी परत मारा. घाई करून तोडलेला एक आटा दोन दिवस खातो.

हबचा नट सोडण्याआधी आट्यांची दिशा बघा. काही गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात आणि लोक ताकदीने ते उलट्या दिशेला आवळत बसतात. ड्रम काढल्यावर ब्रेक प्लेट सोडा आणि तारेने वरच्या आर्मला टांगून ठेवा. ब्रेकचा होज त्या वजनाने लोंबकळू देऊ नका. होजचं रबर फुगलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर तोही बदलून टाका.

टाय रॉड एंड काढताना नवशिके हमखास एक चूक करतात. नट काढतात आणि बोल्टच्या टोकावर हातोडा मारतात. आटे फुलतात आणि एंड तिथेच राहतो. एंडची पिन निमुळती असते, ती आर्मच्या डोळ्यात घट्ट बसलेली असते. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नट दोन आटे सैल करून तसाच ठेवा, डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरून दुसऱ्या हातोड्याने कचकचीत फटका मारा. डोळा क्षणभर दबतो आणि पिन सुटते. काढण्याआधी बाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवा, म्हणजे नवा एंड साधारण तिथेच बसतो आणि गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते.

आता स्प्रिंग. इथे धीर धरा. कॉइल स्प्रिंग दाबलेली असते आणि ती सुटली तर माणसाचं हाड मोडते. स्प्रिंग कंप्रेसर भाड्याने मिळत असेल तर घ्याच. नसेल तर खालच्या आर्मखाली जॅक लावून वजन उचला, स्प्रिंगमधून आणि क्रॉसमेंबरमधून (पुढचं अंग जिला जोडलेलं असतं ती आडवी तुळई) जाड साखळी ओवून बांधा, मगच बोल्ट सोडा आणि जॅक अगदी हळू खाली न्या. डोकं कधीही स्प्रिंगच्या सरळ रेषेत ठेवू नका. एकट्याने हे काम करू नका. मी दोन्ही वेळा काकांना शेजारी उभं करूनच केलं.

आर्मचे शाफ्ट सोडताना बोल्टखाली शिमा (माप जुळवायच्या पातळ पत्र्याच्या चकत्या) निघाल्या तर प्रत्येक बोल्टच्या शिमा वेगळ्या पिशवीत ठेवून वर लिहा: डावा पुढचा, डावा मागचा, असं. त्यांच्यावर चाकाचा कल अवलंबून असतो. सगळ्या एका डब्यात पडल्या की पुढे अलाइनमेंटवाल्याचा दिवस जातो.

सगळं निघाल्यावर क्रॉसमेंबर डिझेलने धुऊन उजेडात बघा. बोल्टच्या भोकांभोवती आणि वेल्डिंगच्या कडांना केसाएवढी भेग असेल तर तिथे गंजाची तपकिरी रेघ दिसते. तशी भेग असेल तर बाकी काम थांबवा आणि आधी तिची व्यवस्था करा. ज्यांची गाडी ५० वर्षांची झाली आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा लागतो. दुसऱ्या गाडीचा क्रॉसमेंबर कापून जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका.

किंगपिन: जिथे पैसे वाचवायचे नाहीत

माझ्या गाडीची उजवी किंगपिन बाहेर आली तेव्हा खालच्या अर्ध्या भागावर निळसर-तपकिरी डाग होते आणि एक धार अशी उठली होती की तिला नख अडकत होतं. वरचा अर्धा भाग मात्र चकचकीत. कारण बुश काढल्यावर कळलं. आधीच्या कोणीतरी खालचा बुश ठोकताना त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोकासमोर ठेवलंच नव्हतं. वर्षानुवर्षं आम्ही ग्रीस गन लावत होतो, गन दाबली जात नव्हती, आणि निपल चोंदलंय असं समजून सोडून देत होतो. काकांनी तो बुश हातात धरून दाखवला, "हा उपाशी मेला."

म्हणून बुश बसवण्याआधी भोक आणि निपल यांची रेघ खडूने आखून घ्या. बुश हातोड्याने ठोकू नका, व्हाइसमध्ये किंवा प्रेसमध्ये सरळ दाबा. बसल्यावर निपलच्या भोकातून तार घालून बघा, ती आत पोचली पाहिजे.

दाबून बसवलेला बुश आतून थोडा आवळला जातो, त्यामुळे पिन त्यात जात नाही. ती जावी म्हणून रीमर (भोक आतून बारीक कापून मापात आणणारं हत्यार) मारावा लागतो, आणि सगळं काम इथे ठरतं. वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत हवेत. दोघांना वेगवेगळा रीमर मारला तर प्रत्येकात पिन छान जाते, पण दोन्हींत एकत्र घातली की जाम होते. मग कोणीतरी ती सैल करायला बुश जास्त घासतो आणि नवं काम पहिल्याच दिवशी जुनं होतं. त्यासाठी लांब रीमर लागतो, ज्याचं एक टोक एका बुशमध्ये आधार घेतं आणि धार दुसऱ्यात फिरते. हिंगणा एमआयडीसीतल्या एका टर्नरकडे तो होता. आम्ही दोन्ही स्टब ॲक्सल आणि नव्या पिना घेऊन गेलो. त्याने रीमर हाताने, एकाच दिशेने फिरवला, दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून कीस पुसला, पिन घालून बघितली, परत फिरवला. उलटा एकदाही फिरवला नाही. उलटा फिरवला की रीमरची धार मरते आणि बुशला ओरखडे पडतात.

योग्य बसण्याची खूण अशी: स्वच्छ पिनला पातळ तेल लावून बुशमध्ये उभी धरली तर स्वतःच्या वजनाने पडू नये, अंगठ्याने दाबली की एकसारखी सरकत जावी. हे टर्नरच्या दुकानातच, स्वतःच्या अंगठ्याने तपासा.

जोडताना थ्रस्ट वॉशर आणि शिमा अशा घाला की स्टब ॲक्सल वर-खाली हलणार नाही, पण हाताने सहज वळेल. कॉटरची खाच पिनच्या खाचेसमोर नीट आल्याशिवाय ती ठोकू नका. मग ग्रीस भरा. वर आणि खाली, दोन्हीकडून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत.

आर्म परत बसवताना

सायलेंट ब्लॉक असलेल्या आर्मचे नट गाडी घोड्यांवर असताना पूर्ण आवळू नका. फक्त हाताने घट्ट करा. चाकं बसवा, गाडी जमिनीवर टेकवा, पुढून चार-पाच वेळा दाबून सोडा, आणि मग खाली जाऊन आवळा. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली बसताच रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि दिवसभर पिळलेलंच राहतं. बुश सहा महिन्यांत फाटला अशी तक्रार येते, तेव्हा माल खराब नसतो, हीच चूक झालेली असते. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात असं ताणलेलं रबर आणखी लवकर जातं.

चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन आतपर्यंत दाबून भरा, नुसतं वरून फासू नका. नट किती आवळायचा ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

आता बॉक्स

खालचे सगळे सांधे नवे झाल्यावर स्टिअरिंग परत तपासा. बहुतेक गाड्यांत इथेच प्ले इतका कमी झालेला असतो की बॉक्सला हात लावायची गरज राहत नाही. माझ्या गाडीत तर आधी आवळलेला स्क्रू काकांनी उलट सैल केला. आवळायचाच असेल तर चाकं उचललेली ठेवा, स्क्रू पाव फेरीहून कमी फिरवा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही अडलं तर मागे या. बॉक्समधलं तेल बघा. गळून संपलेलं असेल तर सील बदलून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं गिअर ऑइल भरा. सील गळतंय म्हणून त्यात ग्रीस कोंबू नका. ते दातांवरून एकदा बाजूला सरकलं की परत येत नाही.

अलाइनमेंट

दुकानात जाण्याआधी घरी टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं, जवळपास आणा. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी पुढे ढकला, खुणा समोर त्याच उंचीवर येईपर्यंत, आणि परत मोजा. समोरचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं. खुणा त्याच असल्यामुळे वाकड्या रिमचा दोष या मापात शिरत नाही. दोन्ही टाय रॉड सारख्याच फेऱ्यांनी फिरवा, नाहीतर गाडी सरळ जाईल आणि स्टिअरिंग तिरकं दिसेल.

कॉम्प्युटर असलेल्या दुकानात या गाडीची मापं मशीनमध्ये असतीलच असं नाही. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो सोबत न्या आणि कोणत्या तरी दुसऱ्या छोट्या गाडीची मापं घालू देऊ नका. रेडियल टायर असतील तर टो-इन मॅन्युअलमधल्या मापाच्या कमी टोकाकडे ठेवायला सांगा. मूळ मापं बहुधा जुन्या आडव्या-तिरक्या धाग्यांच्या टायरसाठी दिलेली असतात.

पहिली फेरी पहाटे मारा. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर हळू चालवून स्टिअरिंग स्वतःहून परत येतं का ते बघा. मग रिंग रोडच्या सरळ पट्ट्यावर हात हलके ठेवून गाडी कुठल्या बाजूला जाते का ते. घरी आल्यावर दोन्ही हबना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलं गेलं आहे किंवा ब्रेक धरतोय.

५०० किमी झाल्यावर सगळे नट परत पान्याने तपासा, स्प्लिट पिना बघा, टो-इन एकदा मोजा. नवे बुश तोवर आपापल्या जागी बसलेले असतात आणि माप थोडं सरकतं. त्यानंतर ग्रीसचं वेळापत्रक. मी दर २००० किमीला प्रत्येक निपलला गन लावतो, शिवाय एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा पावसाळा संपल्यावर, किलोमीटर कितीही झालेले असोत. गन लावण्याआधी निपल फडक्याने पुसतो, आणि दुसऱ्या बाजूने ग्रीस डोकावल्याशिवाय पुढच्या निपलकडे जात नाही. ज्या दिवशी ते डोकावणार नाही, त्या दिवशी ते निपल काढून तार घालून बघायची. तारीख आणि किलोमीटर एका कार्डावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं आहे. शेवटची नोंद मागच्या रविवारची आहे.